जूनमधला हिवाळा

बदलापुरात थंडी पडली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जणू सण सुरू होतो. मुंबईपेक्षा आपल्याकडे पारा किती खाली उतरला याचे फोटो येतात, कुणीतरी 'मिनी महाबळेश्वर' असं लिहून टाकतं, आणि एरवी 'बापरे, एवढ्या लांब राहता?' हे मुकाट ऐकून घेणारी सगळी मंडळी त्या दोन-तीन आठवड्यांत मुंबईकरांवर उट्टं काढून घेतात. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या गल्लीत सकाळी नदीकडून धुकं येतं. दूधवाला माकडटोपी घालून येतो आणि टोपीतून त्याचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो. मीही कपाटातून स्वेटर काढते. त्याला डांबरगोळ्यांचा वास असतो. तो डोक्यातून खाली ओढताना, मान आत अडकलेली असतानाच, मला जून महिना आठवतो.

जून म्हटल्यावर कुणालाही पाऊस आठवावा. मला कडाक्याची थंडी आठवते, कारण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हिवाळा जूनमध्ये आला होता. लेसोथो नावाच्या देशात. हे नाव सांगितलं की लोक आधी 'काय थो?' असं विचारतात, आणि मग 'म्हणजे साउथ आफ्रिकाच ना' म्हणून विषय मिटवतात. तसं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या नकाशात मध्येच, पोळीला भोक पडावं तसा हा एवढासा देश आहे. समुद्र नाही. सपाट जमीनही फारशी नाही. सगळा देशच्या देश डोंगरावर चढून बसलेला. तिथे राजा आहे, घोडे आहेत, पाठीवर घोंगड्या घेतलेली माणसं आहेत आणि जीन्सचे कारखाने आहेत. आमचा संबंध आला तो या शेवटच्या गोष्टीमुळे.

माझा नवरा प्रकाश उल्हासनगरात वॉशिंग मास्टर होता. नवी शिवलेली जीन्स पुठ्ठ्यासारखी कडक असते. ती धुऊन, घासून, मांड्यांवर फिकी करून दोन वर्षं वापरल्यासारखी दिसायला लावायची, हे त्याचं काम. 'नव्याला जुनं करायचे पैसे घेतो मी,' असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. आम्ही दोघं अंबरनाथ पूर्वेच्या एकाच चाळीत वाढलो, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या भोंग्यावर शाळेला निघालो, त्यामुळे लग्नानंतरही 'अहो' काही जमलं नाही. सासूबाईंसमोर तेवढं 'हे' म्हणायचे, आणि त्यांची पाठ वळली की 'तू'. मग उल्हासनगरातले वॉशचे कारखाने एकेक करून बंद पडले. त्याचे सिंधी शेठ भले माणूस. एक दिवस चहा पाजून म्हणाले, "साईं, इधर अभी कुछ रखा नहीं है. उधर अफ्रीका में मेरी मासी का बेटा बैठा है. तू जा, सेट हो जाएगा."

प्रकाश मला म्हणाला, "दोन वर्षं गं. मग येतो."

दोन वर्षांची चार झाली. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. मी घरी ब्लाउज शिवते. दिवसभर बायकांची ये-जा असते, गळा खोल हवा की नको यावर चर्चा असते, आणि संध्याकाळी मशीनवर कापड टाकून झाकलं की घरात एकदम कुणी नसतं. आषाढ म्हणजे आमच्या धंद्यात मंदी. तशा एका मंदीच्या तोंडावर प्रकाश फोनवर म्हणाला, "ये की इकडे एकदा. बघून जा."

'बघून जा.' हे दोन शब्द मी कितीतरी दिवस उलटेपालटे करून पाहत होते. जोर 'बघून'वर होता की 'जा'वर? विमानातही तोच विचार. मी तिथे पाहुणी म्हणून चालले होते की घर बघायला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विचारायला मलाही धीर नव्हता. मनात मात्र एवढंच होतं की त्याने म्हणावं, 'राहा.' एवढा एक शब्द त्याच्या तोंडून आला असता तर मी मशीन विकून टाकलं असतं.

विमानातून उतरले तेव्हा ऊन असं लख्ख होतं की मी शाल हातातच धरली. आणि मग वारा आला. पळसदरीच्या पलीकडची थंडी कधी न पाहिलेलं माझं अंग त्या वाऱ्याने गोठून गेलं. आभाळ इतकं निळं आणि इतकं मोठं, की त्याच्याखाली गाव ठेवायचं राहून गेल्यासारखं वाटत होतं. गवत वाळून सोनेरी झालेलं. डोंगरांचे माथे सुरीने कापावेत तसे सपाट, आणि त्यांच्यापलीकडे दुसरे डोंगर, त्यांच्यापलीकडे तिसरे, सगळ्यात मागचे पांढरे. प्रकाशने माझी बॅग घेतली. "बर्फ आहे तो," असं तो इतक्या सहज म्हणाला, की मला पहिल्यांदा जाणवलं, हा आता इथला झालाय.

घर म्हणजे एका अंगणात ओळीने बांधलेल्या खोल्यांपैकी दोन. आपल्या चाळीचीच तऱ्हा, फक्त पत्र्याची आणि जमिनीवरची. अंगणाच्या तोंडाशी मालकिणीचं घर. तिला सगळे म्मे मालेराटो म्हणत. म्मे म्हणजे आई, आणि मालेराटो म्हणजे लेराटोची आई. तिथे लग्न झालेल्या मुलीला मूल व्हायच्या आधीच सासरचे असं नवं नाव देतात, हे ऐकून मला गंमत वाटली. मी सांगितलं, आमच्याकडेही ताटात तांदूळ पसरून त्यावर नवं नाव लिहितात. तिने विचारलं, "मग त्या तांदळाचं काय करतात?"

प्रकाश उजाडायच्या आत कारखान्यात जायचा. रस्त्यावरून बायांचे थवेच्या थवे शिलाईच्या पाळीला निघालेले असत, तोंडातून वाफा सोडत, डोक्याला टॉवेल गुंडाळून. मग दिवसभर मी आणि ते ऊन. नळाचं पाणी दुपारपर्यंत गोठलेलं. रॉकेलच्या हीटरचा वास कपड्यांत, केसांत, भातात. बहिणीचा फोन यायचा, "तुझ्या किचनची भिंत ओली झालीय गं, आणि चिखलोलीचं धरण भरलं." तिच्या आवाजामागे पाऊस ऐकू यायचा. माझ्यासमोर वाळलेलं गवत. मी एका ऋतूतून उठून दुसऱ्याच ऋतूत जाऊन बसले होते आणि दोन्हीकडे माझं काही काम अडलेलं नव्हतं. एकटेपणा मला नवा नव्हता. पण नवऱ्याच्या घरात बसून एकटं वाटणं, हे नवं होतं.

म्मे मालेराटोने मला थंडीत कुडकुडताना पाहिलं आणि एक जाड लोकरी घोंगडी आणून दिली. तिच्यावर मक्याच्या कणसांची नक्षी आणि लांब पट्टे. मी ती शालीसारखी अंगावर घेतली तर तिने जोरात मान हलवली. पट्टे आडवे येता कामा नयेत, उभेच हवेत; आडवे घेतले तर माणसाची वाढ खुंटते. मी म्हटलं, माझी वाढ खुंटून पुष्कळ वर्षं झाली. तरी तिने घोंगडी फिरवली, छातीशी मोठी पिन लावली आणि दोन पावलं मागं जाऊन पाहिलं.

एक भाजीवाली फाटकाशी पालक घेऊन यायची. पहिल्याच दिवशी भाजी देऊन निघताना ती हसून मला म्हणाली, "साला हांत्ले, म्मे."

मी आत आले ती फणफणतच. संध्याकाळी प्रकाश आल्याआल्या सांगितलं, "तुझ्या गावात बायका तोंडावर शिव्या देतात. आणि वर आई म्हणतात." प्रकाश बूट सोडायला वाकला होता तो तसाच खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मीही हसायला लागले. त्या हिवाळ्यात आम्ही दोघं मिळून हसलो ते तेवढंच.

"अगं, साला म्हणजे राहा," तो डोळे पुसत म्हणाला. "साला हांत्ले. नीट राहा, सुखात राहा. जाणारा माणूस मागे राहणाऱ्याला म्हणतो. आणि राहणाऱ्याने म्हणायचं त्सामाया हांत्ले. नीट जा."

म्हणजे तिथे निरोप दोन असतात. जाणाऱ्याचा वेगळा, राहणाऱ्याचा वेगळा. मी यावर फार विचार केला. आपल्याकडे सगळी काळजी जाणाऱ्याची. सावकाश जा, पोचलास की फोन कर, डबा घेतलास ना, हातावर दही. जो दार लावून आत वळतो त्याला कुणी काही म्हणत नाही. मी गेली कित्येक वर्षं दार लावून आत वळणारी बाई आहे. मला कुणी 'नीट राहा' म्हटलेलं मला आठवत नाही. आणि आता दारावर येणारी भाजीवाली म्हणत होती, कोपऱ्यावरचा चप्पल शिवणारा संध्याकाळी दुकान आवरून निघताना म्हणत होता, गॅस आणून देणारा म्हणत होता. राहा, राहा, राहा. सगळा गाव मला राहा म्हणत होता, एक प्रकाश सोडून.

मग माझ्याकडून एक चूक झाली. दुपारी मी म्मे मालेराटोच्या उन्हात जाऊन बसायची. आमचं दोघींचं इंग्रजी मोडकं, पण मोडलेले तुकडे एकमेकांत बसायचे. एकदा बराच वेळ बसले, उन्हं उतरली, आणि मी उठले. आपल्याकडे निघताना जाते म्हणायची पद्धत नाही. म्हणून मी आपलं सवयीने म्हटलं, "ओके म्मे, आय कम."

आणि घरी येऊन भात लावला.

अंधार पडल्यावर दार वाजलं. म्मे मालेराटो घोंगडी पांघरून उभी. तिने माझा चेहरा नीट पाहिला, कपाळाला हात लावून पाहिला. तिने माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. चहा दोनदा गरम केला होता, ब्रेड कापून ठेवला होता. मी येते म्हटलं आणि आले नाही, म्हणून तिला वाटलं मला काहीतरी झालं. मी शरमेने अर्धी झाले. तिला आत बसवलं आणि समजावून सांगितलं, की आमच्यात जाताना येते म्हणतात. जाते म्हणणं अशुभ. जातात ती फक्त मेलेली माणसं.

ती आधी खूप हसली. मांडीवर थापा मारून हसली. मग थांबली आणि हीटरकडे बघत म्हणाली, "मग तुमच्या बायकांना कळतं कसं? खरं येणारा कोण आणि नुसतं म्हणणारा कोण?"

ती तिच्या नवऱ्याबद्दल बोलायला लागली. सीमेपलीकडे सोन्याच्या खाणीत होता. गावातले सगळेच पुरुष तिकडे. नाताळला यायचे, घोंगड्या, मुलांना बूट, बायकांना पातेली घेऊन यायचे, आणि परत निघताना फाटकाशी उभं राहून म्हणायचे, साला हांत्ले. एका नाताळला तो आला नाही. मेला असता तर निरोप आला असता. तसा निरोप आला नाही. "पण जाताना त्याने मला खोटं सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "येतो म्हणाला नव्हता. राहा म्हणाला होता. मी राहिले."

प्रकाश तिथेच बसला होता. ताटातल्या भाताचे बोटांनी ढीग करत होता, पुन्हा मोडत होता. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तो उठून हात धुवायला गेला.

ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही कारखान्याची पिकअप घेऊन सेमोनकोंगला गेलो. धबधबा बघायला. रस्ता वर चढत जातो आणि प्रत्येक वळणावर वाटतं, आता याच्यावर काही नसेल, तर आणखी वर एक घाट. दगडी गोल घरं, गवताची छपरं. ओढ्यांच्या कडेला बर्फाची किनार. घोड्यावरून येणारा माणूस डोळ्यांपुरता उघडा, बाकी सगळा घोंगडीत. त्याने हात वर केला आणि आम्हीही केला, आणि त्यानंतर कितीतरी वेळ रस्त्यावर कुणी नव्हतं. एवढी जागा मी जन्मात पाहिली नव्हती. आमच्याकडे दोन बिल्डिंगांमधून हात बाहेर काढला तर शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या टॉवेलला लागतो. तिथे माणसाची नजर जाते आणि परत यायचं नाव घेत नाही.

सेमोनकोंग म्हणजे धुराची जागा. पावसाळ्यात पाण्याचे तुषार धुरासारखे वर येतात म्हणून. आम्ही गेलो तेव्हा धूर नव्हता. आमच्याकडच्या कोंडेश्वरचा धबधबा बघून मोठी झालेली मी कड्याच्या टोकाशी गेले आणि एक पाऊल मागं सरकले. समोर जमीनच फाटलेली. त्या फटीत, खूप खाली, एक हिरवट डोह. आणि वरून पडता पडता थिजलेलं पाणी, कड्याला चिकटलेलं, पांढरं, निळसर. मधूनच एक बारीक धार तेवढी जिवंत. आवाज जवळजवळ नाहीच. वारा थांबला की इतकं शांत, की प्रकाशचा श्वास मला ऐकू येत होता.

मी मनात म्हटलं, इथे म्हणेल. इथे नाही म्हणाला तर कुठेच म्हणणार नाही. तो माझ्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. त्याने घसा साफ केला. हाताने समोर दाखवलं.

"तो मधला पट्टा बघ," तो म्हणाला. "निळ्यातून पांढरा कसा होत गेलाय. असा शेड जीन्सवर काढता आला ना, तर बायर नाचतील."

मला रडू आलं. त्या वाऱ्यात सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे ते खपून गेलं. परतताना गाडीत मी म्हटलं, "गणपतीच्या ऑर्डरी आहेत. निघायला हवं आता." हे मी त्याने खोडून काढावं म्हणून म्हटलं होतं. त्याने फक्त 'राहू देत ऑर्डरी' एवढं म्हणायचं होतं. तो गिअर बदलत म्हणाला, "हो, ते बघायला हवं तुला."

निघाले त्या आठवड्यात अंगणातल्या पीचच्या काळ्या फांद्यांना गुलाबी कळ्या धरल्या होत्या. विमानतळावर जाणारी मी होते, राहणारा तो होता. तिथल्या रीतीने 'राहा' म्हणायची पाळी माझी होती. मी आपलं "येते" म्हटलं. तोही "ये" म्हणाला.

बदलापूरला उतरले तर धो धो पाऊस, किचनच्या भिंतीला बुरशी आणि दारात ब्लाउजपीस घेऊन उभ्या बायका. "मजा केलीस ना गं आफ्रिकेत? सिंह पाहिलास?" त्यांना मी घोंगडी दाखवली. मग पुढची वर्षं आली तशी गेली. प्रकाश सुट्टीला येतो, पाहुण्यासारखा बसतो, घरातला दिवा कुठून लागतो हे मला विचारतो. तो परत गेला की मी दार लावून आत वळते. एकटेपणाची एक गंमत आहे, तो सुरुवातीला बोचतो आणि मग सोयीचा होतो. मला उभ्या उभ्या जेवायची सवय लागली. पलंगाच्या त्याच्या बाजूला कापलेल्या बाह्या आणि पाठी पसरलेल्या असतात. कपाटातल्या त्याच्या कप्प्यात अस्तराचे तागे आहेत. हे सगळं मी ठरवून केलं नाही. रिकामी जागा दिसली की बाई काहीतरी ठेवते, तसं झालं.

या थंडीत, परवा रविवारी सकाळी, त्याचा फोन आला. तिकडे आता ऊन तापतंय.

"ऐक ना," तो म्हणाला. "इकडे लाईनी बंद करतायत. ऑर्डरच नाहीये. सगळ्यांना सोडतायत हळूहळू."

"मग?"

"मग काय. येऊ का?"

इतकी वर्षं तो येतो म्हणत आला होता. 'येऊ का' हे पहिल्यांदा. आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ये की. विचारतोस काय? किती दिवस आहेस?"

तो म्हणाला, "दिवस नाही गं. तिकडेच आता. म्हणजे, तुला चालणार असेल तर."

मी पलंगाकडे पाहिलं. कपाटाकडे पाहिलं. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या बरोबरीने राग आला होता, त्या कड्यावरचा, अजून जसाच्या तसा. घशाशी एक शब्द आला आणि तिथेच बसला. मी म्हटलं, "गीझर बिघडलाय. तो दुरुस्त करून घेते."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी पलंगावरच्या बाह्या गोळा करायला लागले आणि दोनचार गोळा केल्यावर थांबले. शेड, बायर, गीझर. त्याच्याही घशाशी तेव्हा कड्यावर काही बसलं असेल का? असेल किंवा नसेल. मला ते आता कळायचं नाही, आणि कळेपर्यंत थांबायला आम्ही दोघं काही लहान राहिलेलो नाही. मी फोन उचलला आणि परत लावला.

"काय झालं?"

"राहा," मी म्हटलं.

"काय?"

"राहा म्हटलं. इथे."

"आवाज येत नाहीये गं."

मी गॅलरीत गेले. खाली एक बाई स्कूटर पुसत होती. "इथेच राहा, प्रकाश!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की तिने फडकं हातात धरून वर पाहिलं.

"पहिल्यांदा म्हणालीस तेव्हाच ऐकू आलं होतं," तो म्हणाला.